रांजणवाडीचा मागोवा

पापणीच्या कडेला ठणकणारी रांजणवाडी घरोघरी ठाऊक असते. तिच्या शास्त्राचा माग काढत आपण मागे गेलो, की थेट काशीला पोहोचतो. काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांना शल्यविद्या शिकवली, असे परंपरा सांगते. त्या शिकवणीतून उभ्या राहिलेल्या सुश्रुतसंहितेची इ.स. 878 मध्ये उतरवलेली एक पोथी नेपाळात अजून जपलेली आहे. संहितेच्या उत्तरतंत्र या शेवटच्या भागात डोळ्यांचे 76 रोग येतात. त्यांतले 21 केवळ पापण्यांचे. हे ज्ञान विदेहाच्या राजाकडून आल्याचे संहिता स्वतःच नोंदवते. त्या राजाचा ग्रंथ आज हाती नाही, म्हणून ही नोंद मला फार मोलाची वाटते. रांजणवाडीशी जुळणारी पुळी संहितेत ‘अंजननामिका’ या नावाने भेटते : तांबूस, मऊ, बारीक, आग होणारी आणि टोचणारी. तिच्या शेजारीच ‘लगण’ येतो. ही बोराएवढी, कठीण, न दुखणारी, न पिकणारी गाठ. आजचे डॉक्टर जिला कॅलेझियन म्हणतात ती बहुधा हीच. दुखरी पुळी आणि मुकी गाठ यांत केलेला हा भेद आजही नेत्रतज्ज्ञाला पहिल्याच तपासणीत करावा लागतो. अंजननामिकेवर उपाय सांगितला तो असा : आधी शेक, मग फुटलेली पुळी पिळून तिच्यावर मनशीळ, वेलची, तगर आणि सैंधव मधातून चोळणे. मनशीळ हे आर्सेनिकचे खनिज असल्याने हा लेप आज कोणी डोळ्याजवळ नेऊ नये. शेक मात्र टिकला.

पुढची वाट युरोपातून जाते. 1666 मध्ये हाइनरिश माइबोम या जर्मन वैद्याने पापणीतल्या तेलग्रंथींचे वर्णन केले, 1835 मध्ये त्साइस या वैद्याने पापणीच्या केसांलगतच्या ग्रंथी दाखवल्या, आणि रोगाची जागा नेमकी कळली. दरम्यान इकडे तंजावरला मराठे राजे सरफोजी दुसरे होते. त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. रोग्याचा डोळा रंगांत टिपून ठेवणारा मराठी दरबार आपल्या वैद्यकेतिहासात जवळजवळ विसरला गेला, याची खंत वाटते. रांजणवाडीचे कारण सापडायला अजून अर्धे शतक लागले. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर ऑग्स्टनने पुवात द्राक्षांच्या घोसासारखे जंतू पाहिले आणि 1882 मध्ये त्यांना स्टॅफिलोकोकस हे नाव दिले. बहुतेक रांजणवाड्या याच जंतूच्या.

संहितेतली ‘पोथकी’, म्हणजे पापणीच्या आत मोहरीसारखे लाल दाणे उठवणारा रोग, खुपरीशी जोडली जाते. त्या खुपरीचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये मान्य केले. रांजणवाडीला असा निरोप मिळणार नाही, कारण तिचा जंतू आपल्या त्वचेवरच राहतो. हा माग जिथून सुरू झाला त्या काशीतच, 1916 मध्ये स्थापन झालेल्या बनारस हिंदू विद्यापीठात, आज शालाक्यतंत्र (आयुर्वेदातली नेत्रादी रोगांची शाखा) आणि आधुनिक नेत्रचिकित्सा हे दोन्ही विभाग एकाच वैद्यकीय संस्थेत नांदतात. घरचा उपचार साधाच : स्वच्छ, कोमट ओल्या फडक्याने दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटे शेकावे, त्या उबेने ग्रंथीत गोठलेले तेल सैल होते. पुळी स्वतः पिळू नये, बरी होईतो काजळ घालू नये. सूज गालाकडे पसरली, ताप आला, नजर अंधुक झाली किंवा गाठ पुन्हा पुन्हा त्याच जागी उठू लागली, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.