पुरुषांमधील वांग

वांग हा चेहऱ्याच्या त्वचेतील रंगद्रव्याशी संबंधित विकार आहे. वैद्यकीय परिभाषेत त्यास मेलॅझ्मा म्हणतात. यात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना फिकट ते गडद तपकिरी रंगाचे सपाट डाग पडतात. त्यांना सहसा खाज वा वेदना नसते. वांग स्त्रियांमध्ये, विशेषतः गरोदरपणात, अधिक आढळत असल्याने तो केवळ स्त्रियांचा विकार समजला जातो. तथापि भारतातील काही रुग्णालयीन पाहण्यांत दर ५ रुग्णांमागे सुमारे १ पुरुष असल्याचे दिसून आले आहे.

कारणे

बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंजकपेशी मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करतात. वांगाच्या जागी या पेशींची संख्या फारशी वाढत नाही. त्यांची क्रियाशीलता मात्र वाढते. पुरुषांमध्ये सूर्यप्रकाश आणि आनुवंशिकता ही दोन कारणे प्रमुख आहेत. त्यामुळे शेतकरी, बांधकाम मजूर अशा उन्हात राबणाऱ्यांत हा विकार अधिक संभवतो. स्त्रियांच्या तुलनेत पुरुषांत संप्रेरकांचा वाटा कमी असतो. फेनिटॉइनसारखी काही औषधेही वांगास कारणीभूत ठरू शकतात.

स्वरूप

डागांच्या स्थानावरून वांगाचे तीन प्रकार मानतात. मध्यमुखी प्रकारात कपाळ, नाक, गाल, वरचा ओठ व हनुवटी, कपोल प्रकारात गाल व नाक, तर हनू प्रकारात जबड्याची कड काळवंडते. भारतीय पुरुषांत कपोल प्रकार अधिक आढळतो.

सदृश विकार

चेहऱ्यावरील प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांचा कलप किंवा सुगंधी प्रसाधने यांच्या वावड्यानेही त्वचा काळी पडते. कानशिले व मान काळसर आणि मखमलीसारखी जाड होणे हे पुष्कळदा लठ्ठपणाचे व इन्सुलिन-रोधाचे लक्षण असते. जन्मतः किंवा तारुण्यात एकाच बाजूस, डोळ्याभोवती उमटणारा निळसर डाग बहुधा ओटाचा नेव्हस असतो. चेहऱ्यासह हिरड्या व तळहातांच्या रेषाही काळवंडल्यास अधिवृक्क ग्रंथीच्या विकाराची, म्हणजेच ॲडिसनच्या रोगाची, शंका घ्यावी लागते.

उपचार

उन्हापासून बचाव हा उपचाराचा पाया होय. रुंद काठाची टोपी आणि किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन यांचा नियमित वापर आवश्यक असतो. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व सौम्य स्टिरॉइड यांचे मिश्रण असलेले मलम वैद्यकीय देखरेखीखाली मर्यादित काळ वापरतात. अशी मलमे ‘गोरेपणाची क्रीम’ म्हणून परस्पर विकत घेऊन महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ व लाल होते आणि पुरळ उठते. हायड्रोक्विनोनच्या दीर्घ वापराने कधीकधी निळसर-काळे, सहजी न जाणारे डाग पडतात. भारतात २०१८ मध्ये अनेक स्टिरॉइडयुक्त मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय करण्यास मनाई करण्यात आली.

वांग संसर्गजन्य नाही आणि त्याचे रूपांतर कर्करोगात होत नाही. मात्र ते फिकट होण्यास काही महिने लागतात आणि उन्हाकडे दुर्लक्ष झाल्यास ते पुन्हा उद्भवते.