वाऱ्याचा हिशेब

वारा डोळ्यांना दिसत नाही आणि कोणाच्या आज्ञेतही राहत नाही. विमानविद्येच्या आरंभी गणितज्ञांनी म्हणूनच त्याला एका ठरावीक झोताचे रूप दिले. अमेरिकेत १९१५ साली स्थापन झालेल्या विमानविद्या सल्लागार समितीचा पहिलाच अहवाल झोतात सापडलेल्या विमानाविषयी होता. हन्सेकर व विल्सन हे त्याचे लेखक. गणित चोख होते. परंतु खरे झोत असे एकेकटे, शिस्तीने येत नाहीत.

ही अडचण ओलांडण्याची वाट इंग्लंडच्या जॉफ्री टेलर यांनी दाखविली. टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१३ साली, हिमनगांवर पहारा ठेवणाऱ्या 'स्कोशिया' जहाजावर ते हवामानतज्ज्ञ म्हणून गेले. तेथे पतंग चढवून त्यांनी समुद्रावरील हवेची मोजमापे घेतली. पुढे १९३५ साली त्यांनी खळबळत्या प्रवाहाचा संख्याशास्त्रीय सिद्धांत मांडला. एखाद्या क्षणाचा वेग सांगण्याचा हट्ट त्यांनी सोडला आणि दोन ठिकाणच्या वेगांचा परस्परांशी सरासरीने किती मेळ असतो, हे पाहिले. १९५२ साली कॅलिफोर्नियातील हान्स लीपमन यांनी हीच दृष्टी विमानाच्या थरथरीस लावली. पुढचा झोत कोणता, हे कळले नाही, तरी पंखांवरील ताणाची सरासरी तीव्रता आता काढता येऊ लागली.

अग्निबाणांच्या युगात प्रश्न अधिक बिकट झाला. उंच, सडपातळ अग्निबाण वेगाने चढत असता दहा-चौदा किलोमीटरवरील प्रबळ वारे त्याला वाकवू पाहतात. ते मोजण्यासाठी सोडलेले गुळगुळीत फुगे स्वतःच डुलत, आणि त्यांचे डुलणे वारा म्हणून नोंदले जाई! तेव्हा अमेरिकेत दोन मीटर व्यासाच्या फुग्यावर ३९८ लहान शंकू बसविण्यात आले. फुगा स्थिर चढू लागला व रडारने त्याचा माग घेतला.

अशा असंख्य नोंदींवरून अग्निबाणाच्या रचनेसाठी वाऱ्याची मर्यादा ठरली: सर्वांत वादळी महिन्यातही शंभरांपैकी पंच्याण्णव वेळा वारा जिच्या आत राहील ती. उरलेल्या पाच वेळांचे काय? त्यासाठी उड्डाणाच्या दिवशी पुन्हा फुगा सोडावयाचा आणि वारा अनावर दिसला तर थांबावयाचे. आत बसलेल्या माणसांचे प्राण त्या थांबण्यावर अवलंबून असतात. संख्याशास्त्र वाऱ्याला बांधीत नाही. कोठवर धाडस करावे आणि कोठे थांबावे, एवढे मात्र ते सांगते.