ब्रह्मदेशची चांदणी

उल्हासनगरात रिक्षावाल्याला ‘कॅम्प नंबर तीन’ एवढं सांगितलं तरी पुरतं. पण हा कॅम्प कुणाचा? दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं. शिपाई गेले, ‘कॅम्प’ हा शब्द राहिला.

त्या युद्धातल्या शिपायांना मोहिमेची पदकं मिळाली. ब्रह्मदेशात लढलेल्यांना ‘बर्मा स्टार’ : सहा टोकांची चांदणी, निळी-तांबडी-नारिंगी फीत. सेनापती असो वा साधा तोफची, चांदणी एकच.

ती मिळवणाऱ्यांपैकी एक तोफखान्याचे हवालदार उमराव सिंग, हरियाणातल्या पालडा गावचे. १५-१६ डिसेंबर १९४४ ला कलादान खोऱ्यात जपान्यांनी त्यांच्या तोफेवर हल्ला चढवला. दारूगोळा संपला तेव्हा त्यांनी तोफेचा लोखंडी दांडा उचलला. सहा तासांनी ते तोफेजवळ बेशुद्ध सापडले. डोक्यावर सात गंभीर जखमा. तोफ मात्र शाबूत होती. या शौर्याबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पुढे पेन्शन तुटपुंजी पडली, तरी त्यांनी क्रॉस विकला नाही. विकला तर रणात पडलेल्या सोबत्यांच्या नावाला बट्टा लागेल, असं त्यांचं म्हणणं. २००५ साली ते वारले.

श्रोतेहो, क्रॉस एकट्याचा पराक्रम सांगतो. चांदणी ‘हा तिथं होता’ एवढंच सांगते. आपल्या घरी जुन्या ट्रंकेत अशी चांदणी असेल, तर भंगारात जाण्याआधी आजोबांचं नाव कागदावर लिहून तिच्याजवळ ठेवा.