बसून करायचं काम

अपंगांसाठी काम करणाऱ्या महाराष्ट्रातल्या संस्थांचा इतिहास वाचायला घेतला की एक गोष्ट लवकर लक्षात येते. या संस्थांना सगळ्यात जास्त सतावलं ते कामाच्या प्रश्नाने. उपचारांचा प्रश्न मोठा होताच, पण तो कधीतरी संपायचा. जखम भरायची, ताप उतरायचा, कुबड्या मिळायच्या. मग पुढे काय? हा माणूस आता करणार काय? बहुतेक संस्थांनी या प्रश्नाला सारखंच उत्तर दिलं: बसून करता येईल असं काम. शिवणयंत्र, मेणबत्त्या, खडू, कागदी फाइली, रेडिओची दुरुस्ती.

मी पेण तालुक्यातल्या जोहे गावचा. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे हा आमचा पट्टा गणपतीच्या कारखान्यांचा. आमच्याकडे कुठलीही संस्था नव्हती, तरी बसून करायचं काम मात्र होतं. त्यामुळे हा इतिहास वाचताना माझ्या मनात एक गावठी शंका सतत असते. संस्थेने दिलेलं बसायचं काम आणि गावाने दिलेलं बसायचं काम यांत फरक काय?

इतिहासाची सुरुवात युद्धापासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत लढले आणि त्यांतले पुष्कळ हात किंवा पाय गमावून परत आले. त्यांना एखादा धंदा शिकवावा म्हणून १९१७ साली मुंबईत गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. पुढे ते खडकीला हललं आणि आजही चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघालं. मणक्याला इजा होऊन कमरेखालची संवेदना गेलेल्या जवानांसाठी १९७४ साली खडकीलाच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. पुणे आणि खडकीच का, तर तिथे लष्कराची छावणी होती. सैनिकाला पेन्शन होती, पलटण होती, आणि आपण याचं देणं लागतो ही सरकारची जाणीव होती.

तरीही त्याचं कौतुक वेळेवर व्हायचं असं नाही. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिंपिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी. सैनिकाची ही गत, तर भाताच्या खाचरात ताप भरलेल्या पोराकडे कोण बघणार?

त्या पोराकडे पहिल्यांदा बघितलं ते एका आईने. मुंबईच्या फातिमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला पोलिओ झाला. उपचारांची वाट शोधत त्या मद्रासच्या डॉ. किणींपर्यंत गेल्या, आणि मुलगी सुधारते आहे हे दिसल्यावर इतरांच्या मुलांसाठी त्यांनी १९४७ साली मुंबईत दवाखाना उघडला. त्यातून अपंग बालकांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली. १९५५ साली मुंबईत अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली, तिच्यामागेही हीच धडपड होती. १९५८ साली फातिमाबाईंना पद्मश्री मिळाली. समुद्रकाठच्या हाजीअलीचा तो भाग पुढे अपंगांच्या संस्थांचा नाकाच झाला. मुलांचं अस्थिरोग रुग्णालय तिथे, पुनर्वसन संस्था तिथे, आणि मोठ्या अपंगांना काम देणारी फेलोशिप ऑफ द फिजिकली हँडिकॅप्ड ही संस्थाही तिथेच.

पोलिओचा उपचार म्हणजे एकदा औषध घेतलं आणि सुटलो, असा नव्हता. ताप ओसरल्यावर शेक, मग महिनोन्‌महिने व्यायाम, मग पायाला कॅलिपर. कॅलिपर म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे पट्टे आणि खाली जाड बूट. मूल वाढतं, कॅलिपर वाढत नाही. म्हणून तो दर काही महिन्यांनी बदलून घ्यावा लागतो. हाजीअलीच्या आसपास राहणाऱ्याला ते जमत असेल. जोह्याहून हाजीअली सत्तर-ऐंशी किलोमीटर. दिव्याहून निघणारी रेल्वे रोह्यापर्यंत पोचली तीच ऐंशीच्या दशकात, त्याआधी सगळी भिस्त एसटीवर. एका आईने पोराला कडेवर घेऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून, वर्षातून तीन-चार वेळा ही फेरी मारायची. शिवाय पावसाळ्यात खारेपाटाच्या चिखलात तो बूट रुतून बसायचा. अशा घरांत कॅलिपर शेवटी माळ्यावर जायचा आणि पोरगं हाताने गुडघा दाबत चालायला शिकायचं.

गावातला माणूस कसा बसतो आणि कुठून चालतो याचा विचार जयपूर फूटने केला. साठच्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं हे पाऊल घडवलं. ते घालून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी चालता येतं, चिखलातही उतरता येतं. १९७५ साली जयपुरात निघालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने ते देशभर पोचवलं. शाळेत जेमतेम शिकलेल्या कारागिराला जे दिसलं ते बाहेरून आलेल्या तयार पायांच्या आराखड्यात नव्हतं, कारण तो आराखडा खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी होता.

इथपर्यंतच्या संस्थांचं एक समान लक्षण सांगता येईल. देणारा धडधाकट, घेणारा अपंग. देणाऱ्याचं मन मोठं होतं, यात शंका नाही. पण कार्यकारिणीच्या खुर्चीवर बसलेला आणि कार्यशाळेच्या स्टुलावर बसलेला, ही माणसं वेगळी होती. १९६८ साली मुंबईत स्थापन झालेल्या, चेंबूरच्या नॅसेओ या संस्थेने आपल्या नावातच समान संधी हा शब्द घातला, तेव्हा भाषा बदलायला लागली होती. खुर्ची बदलायला आणखी वेळ लागला.

ती कोल्हापुरात बदलली. नसीमा हुरजूक यांना ऐन सोळा-सतराव्या वर्षी कमरेखाली पक्षाघात झाला. निराशेच्या त्या काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः त्याच अवस्थेत असूनही उद्योग चालवणारे, फिरणारे गृहस्थ होते. डॉक्टरांनी आणि नातेवाइकांनी दिलेल्या धीरापेक्षा या एका भेटीने जास्त काम केलं, कारण समोरचा माणूसही चाकाच्या खुर्चीवर होता. नसीमाताईंनी शिक्षण पुरं केलं, केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांसह हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. या सहकाऱ्यांत पोलिओने अपंगत्व आलेल्या गायिका रजनी करकरे-देशपांडे होत्या. उचगावला मुलांसाठी वसतिगृह आणि शाळा झाली. शाळेत धडधाकट मुलंही घेतली, म्हणजे एकत्र वाढणं दोन्हीकडून होईल. कॅलिपर आणि चाकाच्या खुर्च्या बनवायची कार्यशाळा निघाली. नसीमाताईंचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन अनेक वाचकांच्या कपाटात असेल.

मला त्यांच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सिंधुदुर्गातली स्वप्ननगरी. कुडाळ तालुक्यातल्या मोरे गावी संस्थेने काजूप्रक्रियेचा कारखाना उभा केला. काजू फोडणं, सोलणं, निवडणं हे कोकणातलं रोजचं, बसून करायचं काम. म्हणजे काम नवं नव्हतं. नवं होतं ते असं की राहायची जागा, कामाची जागा, संडास, मधल्या वाटा, हे सगळं चाकाच्या खुर्चीचा हिशेब धरून बांधलं जाणार होतं. आधी माणूस, मग इमारत.

आता माझी गावठी शंका. आमच्या आळीत पोलिओने एक पाय वाळलेला एक दादूस होता. गणपतीच्या कारखान्यात साचे भरणं, मूर्ती उचलणं, वाळवणाला लावणं ही उभ्याची आणि ताकदीची कामं. पॉलिश पेपरने घासणं, रंग आणि शेवटची आखणी ही बसायची. दादूस पाटावर बसून आखणी करायचा. मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळ भरायचं काम हलक्या हाताच्या माणसालाच देतात, आणि त्याचा हात हलका होता. त्याला कोणी काही विचारलं की म्हणायचा, “बसून कराचा काम हाय, मना जमतं.” मजुरी नगावर, इतरांना जी तीच त्याला. दया नाही, सवलत नाही, पाहुण्यांसमोर मिरवणं नाही. मोठमोठ्या संस्थांनी जे साधायचा प्रयत्न केला ते कारखान्याने सहज साधलं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

कारखान्याने त्याला मजुरी दिली आणि मानही दिला, हे खरंच आहे. पण कारखान्याचं जोतं उंच होतं, आणि तो रोज हातांवर भार देऊन वर चढायचा. लघवीला जायचं म्हणजे पुन्हा ते जोतं, पुढे पावसाचा चिखल, म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचा. हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं आणि कोणालाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं. दोन पायऱ्यांच्या जागी उतार करायला सिमेंटच्या किती गोण्या लागल्या असत्या? गावाने त्याला सामावून घेतलं होतं, पण त्यासाठी लागणारी सगळी तडजोड त्याने एकट्याने केली होती. मोरे गावातल्या काजूच्या कारखान्यात आणि आमच्या कारखान्यात फरक आहे तो इथे. दोन्हीकडे काम बसूनच होतं. तिथे जागेने माणसाकडे यायचं ठरवलं होतं, इथे माणसाने जागेपर्यंत खुरडत जायचं होतं.

कायद्याला हे कळायला वेळ लागला. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं अपंग वर्ष. त्याच वर्षीच्या जनगणनेत अपंगांची मोजणी झाली, पण पूर्ण अंध, पूर्ण पांगळे, पूर्ण मुके एवढ्यांचीच. १९९१ला तो प्रश्नच गाळला गेला आणि २००१ला परत आला. मधल्या काळात, डिसेंबर १९९५ मध्ये, दिल्लीत अपंगांनीच रस्त्यावर येऊन लावलेल्या रेट्यानंतर संसदेने पहिला सर्वंकष कायदा केला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा होत्या. २०१६च्या कायद्याने प्रकार २१ केले आणि जागा ४ टक्के. मधल्या वर्षांत पोलिओ गेला. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. शब्दही बदलले. अपंग गेला, दिव्यांग आला, आणि महाराष्ट्रात २०२२ साली वेगळा दिव्यांग कल्याण विभाग झाला. मी इथे अपंग हाच शब्द ठेवला आहे, कारण ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळातल्या माणसांनी तो स्वतःसाठी वापरला.

२०१६च्या कायद्यातलं मोल माझ्या मते टक्क्यांत नाही, व्याख्येत आहे. शरीरातली दीर्घकालीन उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडते तेव्हा माणसाचा सहभाग खुंटतो, असं ती व्याख्या सांगते. म्हणजे अर्धं अपंगत्व पायात, अर्धं जोत्यात. आपला दाखला मात्र अजून पायच मोजतो. ४० टक्के भरले तर एसटीचं सवलतीचं तिकीट, पेन्शन, राखीव जागा. ३९ भरले तर काही नाही. लिफ्टच्या इमारतीत राहणाऱ्याचे ४० टक्के आणि शेताच्या बांधावरून घरी जाणाऱ्याचे ४० टक्के कागदावर सारखेच. दादूसने दाखला काढला तो पन्नाशी उलटल्यावर, तोही एसटीच्या तिकिटासाठी.

२०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले. त्यांतले १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणारे. महाराष्ट्रातला आकडा २९ लाखांच्या वर. संस्थांची यादी काढली तर ती मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर अशी शहरांभोवती फिरते. प्रत्येक गावात संस्था निघणार नाही, आणि निघायची गरजही नाही. कारण एक संस्था प्रत्येक गावात आधीच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा, असा राज्याचा नियम आहे. बऱ्याच ठिकाणी तो वर्षाअखेरीस डोई वाटून टाकतात. हजार-पाचशे रुपये हातात पडतात, फोटो निघतो, हिशेब पुरा होतो. गरजूला ते पैसेही लागतातच, त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पण त्या निधीचं काय करायचं हे ठरवताना, ज्यांच्यासाठी तो आहे ती माणसं समोर बसलेली असतात का? कोल्हापूरने शिकवलं ते एवढंच की ती माणसं खुर्चीवर आली की मागण्या बदलतात. वाटपाऐवजी उतार मागितला जातो, कमोडचा संडास मागितला जातो, तालुक्याच्याच गावी दाखल्याचं शिबिर मागितलं जातं. गावात असे चारच जण असतील. त्या चौघांना आधी ग्रामसभेच्या जागेपर्यंत पोचता आलं पाहिजे. सभा वरच्या मजल्यावर असेल तर ती खाली घ्यावी. त्याला निधी लागत नाही.