योहानाचा जन्म: लूक १, वचने ५७ ते ६६ यांवर भाष्य

कॅथलिक पंचांगात संतांचे दिवस असतात ते बहुतेक मरणाचे. जालना रोडवरच्या शाळेमुळे छत्रपती संभाजीनगरात घरोघरी माहीत झालेले संत फ्रान्सिस डी सेल्स २१ ऑगस्ट १५६७ रोजी जन्मले. त्यांचा सण मात्र २४ जानेवारीला, दफनाच्या दिवशी येतो. (मृत्यू २८ डिसेंबरचा, पण ती तारीख हेरोदाने मारलेल्या निरागस बालकांच्या सणाने आधीच अडवलेली.) संत देह ठेवतो तोच त्याचा स्वर्गातला जन्मदिवस, अशी ही धारणा. पैठणची नाथषष्ठी, म्हणजे एकनाथांच्या जलसमाधीची तिथी, पाहणाऱ्यांना हे परके वाटू नये.

पंचांगात पृथ्वीवरचे जन्म साजरे होतात ते तिघांचेच: २५ डिसेंबरला येशूचा, ८ सप्टेंबरला मारियेचा आणि २४ जूनला बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा. योहानाच्या सणाला पुढची दहा वचने वाचतात.

वचन ५७. योहानाची आई एलिझाबेथ हिचे दिवस भरले, मुलगा झाला. लूक एवढ्यावर थांबतो; ना प्रकाश, ना आकाशवाणी. मग सण कशाचा? उत्तर ४१व्या वचनात आहे. पोटुशी मारिया भेटायला आली, तेव्हा एलिझाबेथच्या उदरातले मूल उसळले. त्याच क्षणी ते आदिपापातून मोकळे झाले, असे कॅथलिक परंपरा मानते. इतर सगळे आदिपापासह जन्मतात आणि बाप्तिस्म्याने शुद्ध होतात. योहान जन्मला तोच शुद्ध. मारियेचा तर गर्भसंभवच निष्कलंक, हा सिद्धान्त १८५४ साली जाहीर झाला. म्हणजे जन्म पवित्र ठरतो तो जन्मापूर्वीच मिळालेल्या कृपेमुळे. बाळाच्या अंगचे कर्तृत्व त्यात शून्य. संताच्या जन्मदिवसाला आपण सवयीने जयंती म्हणतो आणि गुणगौरव सुरू करतो. इथे ती सवय चुकीच्या वाटेने नेते. गोव्यात सांजावला, म्हणजे योहानाच्या याच सणाला, तरुण विहिरीत उड्या घेतात, त्यामागे गर्भातली ही उसळी आहे असे सांगतात. अनेक प्रवचनांपेक्षा त्या उड्यांना वचनाचा अर्थ नेमका कळला आहे.

वचन ५८. शेजारीपाजारी, नातलग आनंदतात. म्हातारपणी ओटी भरली, एवढेच त्यांना दिसते.

वचने ५९ ते ६१. आठव्या दिवशी सुंता आणि नाव. आपल्याकडे बाराव्या दिवशी आत्या नाव ठेवते. इथे शेजारीच पुढे सरसावतात आणि बापाचे नाव ठेवू पाहतात. आई नकार देते, योहान म्हणते. तुमच्या कुळात या नावाचे कोणी नाही, ही त्यांची हरकत. हरकत वरवर किरकोळ, पण बाप जखरिया मंदिराचा याजक होता आणि याजकपण वंशाने चाले. बापाचे नाव घेणारा मुलगा बापाची पाळी सांभाळील, ही अपेक्षा त्यात आहे. पुढे हा मुलगा मंदिरात न दिसता अरण्यात आणि यार्देन नदीकाठी दिसतो. ती फारकत बारशापासून सुरू होते.

वचन ६२. ते बापाला खुणेने विचारतात. जखरियाची वाचा तेव्हा गेलेली होती; पण तो नुसता मुका असता तर खुणांची गरज नव्हती. त्याला ऐकूही येत नसावे. तेव्हा आईबापाचे एकमत आपसांत ठरवून झालेले नाही, असे लूकला सुचवायचे दिसते.

वचन ६३. पाटी मागवली जाते; त्या काळी ती मेण चढवलेली लाकडी फळी असे. जखरिया त्यावर नाव ठेवत नाही, आधीच असलेले नाव कळवतो. गॅब्रिएल दूताने ते १३व्या वचनातच दिले होते. माझ्या मते या दहा वचनांचा कणा हाच: या बाळाचे जे काही आहे ते त्याच्या आधीचे आहे.

वचन ६४. बापाची जीभ सुटते आणि स्तुतीनेच सुटते. दूतावर अविश्वास दाखवल्याने आलेले मौन आज्ञापालनाने संपते. योहानाच्या या सणाचे एक जुने लॅटिन स्तोत्र आहे, आठव्या शतकातल्या पॉल डीकनच्या नावावर सांगितले जाणारे. त्यातल्या ओळींच्या आद्याक्षरांवरून अकराव्या शतकात संगीतशिक्षक ग्विदो यांनी पाश्चात्त्य स्वरांना रे, मी, फा, सोल, ला ही नावे दिली. मुक्याच्या वाचेचा प्रसंग आणि गायनाची बाराखडी यांची गाठ अशी पडली.

वचन ६५. भीती पसरते, यहुदियाच्या डोंगराळ भागात चर्चा होते.

वचन ६६. हे मूल पुढे कोण होणार, असा प्रश्न लोक मनात ठेवतात. तारीख त्याला एक उत्तर देते. २४ जूनच्या सुमारास उत्तर गोलार्धात दिवस लहान होऊ लागतो, २५ डिसेंबरच्या सुमारास मोठा. येशूने वाढावे, आपण घटावे, हे योहानाचेच म्हणणे. संत ऑगस्टीन यांनी ते सूर्याशी जोडले. मराठवाड्यात जूनच्या त्या दिवसांत आर्द्रा नक्षत्र असते, पेरणीची घाई असते, दिवस मिनिटाने घटला तरी कोण बघतो!

मिस्सेत ६६नंतर थेट ८०वे वचन वाचतात: मुलगा वाढला, अरण्यात राहिला. मधले जखरियाचे स्तोत्र चर्चच्या रोजच्या प्रातःप्रार्थनेत म्हटले जाते. त्याच्या बारा वचनांपैकी बाळाला उद्देशून दोनच आहेत.