धूम्रपान आणि शरीराचा अंतःकलह
ज्या विकारात फुप्फुसातील वायुकोशांच्या भिंती झिजून श्वास कोंडतो, त्या वातस्फीतीचे यथार्थ वर्णन पॅरिसच्या लाएनेक या वैद्याने १८१९ सालीच केले होते. परंतु त्या भिंती झिजवतो कोण, या तपासाला धागा सापडला तो १९६३ मध्ये, स्वीडनमधील माल्मो येथे. लॉरेल आणि एरिक्सन हे संशोधक रक्तद्रवातील प्रथिनांचे पृथक्करण करीत असता पाच नमुन्यांत आल्फा-१ या पट्ट्याची जागा जवळजवळ रिकामी आढळली, आणि त्या पाचांपैकी तिघे याच विकाराने पीडित होते. नित्याच्या कामातील अशी उणीव नजरेआड करणे किती सोपे होते! त्या पट्ट्यातील प्रथिन, श्वेतपेशींतून स्रवणाऱ्या आणि इलॅस्टिन या लवचीक तंतूंचा नाश करणाऱ्या विकराला आवर घालते. अर्थात रक्षणासाठी नेमलेली शिबंदीच, बंदोबस्त सुटला की, किल्ला उद्ध्वस्त करते, असा सिद्धान्त उदयास आला. पुढे २००७ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील फराह खेरादमंद, डेव्हिड कोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वातस्फीती जडलेल्या धूम्रपान करणाऱ्यांच्या शरीरात याच इलॅस्टिनविरुद्ध टी-पेशी आणि प्रतिपिंडे सज्ज झालेली असतात, असे दाखवले. धूम्रपान सोडल्यावरही अनेकांच्या फुप्फुसांतील दाह का शमत नाही, या रुग्णांच्या व्याकूळ प्रश्नाला त्यामुळे एक संभाव्य उत्तर मिळाले.