इतिहासाचे साधन म्हणून ध्वनिमुद्रिका : 'द क्लॅश' (१९७७)

प्रस्तावना
कागदपत्रांप्रमाणेच ध्वनिमुद्रिकाही इतिहासाचे साधन ठरते. मात्र तिचे वाचन केवळ गाण्याच्या शीर्षकावरून केल्यास फसगत होते. लंडनच्या 'द क्लॅश' या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम (एप्रिल १९७७) हे याचे चांगले उदाहरण आहे.

पार्श्वभूमी
१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांवर होती. सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्ज मागावे लागले. 'नॅशनल फ्रंट' हा पक्ष स्थलांतरितांविरुद्ध प्रचार करत होता. अशा वेळी छोटी, वेगवान गाणी आणि थेट भाषा असलेले पंक संगीत अनेक तरुणांना आपले वाटले.

अल्बमचे वाचन
ऑगस्ट १९७६ मध्ये नॉटिंग हिल भागातील कॅरिबियन समाजाच्या कार्निव्हलमध्ये कृष्णवर्णीय तरुण आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला. बँडमधील जो स्ट्रमर व पॉल सिमोनन तेथे हजर होते. या अनुभवातून 'व्हाइट रायट', म्हणजे 'गोऱ्यांची दंगल', हे गाणे तयार झाले. शीर्षकामुळे काहींनी ते वर्णद्वेषी मानले. प्रत्यक्षात, कृष्णवर्णीय तरुण अन्यायाविरुद्ध उभे राहतात, मग गोरे तरुण गप्प का, असा त्याचा रोख आहे.

या अर्थाला अल्बममध्येच आधार सापडतो. मलपृष्ठावर त्याच कार्निव्हलमधील पोलिसांच्या चढाईचे छायाचित्र आहे. तसेच जमैकाचे गायक ज्युनियर मर्विन यांचे 'पोलीस अँड थीव्ह्ज' हे रेगे गीत बँडने आपल्या पद्धतीने गायले. १४ गाण्यांपैकी हेच सर्वांत दीर्घ, सुमारे सहा मिनिटांचे आहे.

अंतर्विरोध
व्यवस्थेवर टीका करणाऱ्या या बँडने 'सीबीएस' या बड्या कंपनीशी करार केला होता. म्हणजेच विरोधाचा आवाजही बाजारामार्फतच श्रोत्यांपर्यंत पोहोचला. अमेरिकेत तर हा अल्बम १९७९ मध्ये, काही गाणी बदलून, प्रकाशित झाला.

समारोप
३० एप्रिल १९७८ रोजी पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' चळवळीच्या भव्य कार्यक्रमात 'द क्लॅश'ने गायन केले. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, ४ मे रोजी, पूर्व लंडनमध्येच अल्ताब अली या बंगाली कामगाराचा वर्णद्वेषातून खून झाला. संगीताने वर्णद्वेष संपवला, असे म्हणता येत नाही. परंतु त्या काळात कोण कोणाच्या बाजूने उभे राहू पाहत होते, याची साक्ष हा अल्बम देतो.

विचार करा : याच अल्बमची केवळ गाणी ऐकणारा आणि मलपृष्ठही पाहणारा अभ्यासक यांचे निष्कर्ष कोठे वेगळे होतील?